सहा डिसेंबरखेरीजची मुंबई

आपल्यापैकी पुष्कळांची मुंबई दादर स्टेशनावर सुरू होते आणि चैत्यभूमीवर संपते. आमच्या दिघीतून, भोसरीतून, बोपखेलमधून पाच डिसेंबरला टेम्पो भरतात. काहीजण चिंचवडला जाऊन गाडी धरतात. रात्र शिवाजी पार्कात पथारीवर जाते. पहाटे रांगेत उभे राहायचे, चार-सहा तासांनी दर्शन घ्यायचे, स्टॉलवरून एखादे पुस्तक आणि नव्या सालचे कॅलेंडर घ्यायचे आणि परतीच्या गाडीत जागा मिळेल तिथे अंग टाकायचे. घरी आल्यावर शेजारच्या बाईने विचारले, ‘मुंबई कशी आहे हो?’ तर ‘गर्दी फार’ याखेरीज सांगण्यासारखे काही नसते. आम्ही वीस वर्षे याच उत्तरावर निभावून नेले.

या वेळी मात्र प्रजासत्ताक दिनाला जोडून तीन दिवसांची सुट्टी आली आणि सहा डिसेंबरखेरीजची मुंबई पाहण्याचा योग आला. निमित्ते दोन होती. आमची थोरली मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे कायद्याचे शिक्षण मुंबईतच घ्यायचे असे तिने मनात घेतले आहे. दुसरे निमित्त असे की, वरळीच्या बी.डी.डी. चाळीत जन्म काढलेले आमचे साडू नव्या इमारतीत राहायला गेले. ‘आता तरी या, आता पाहुण्याला झोपायला जागा आहे,’ असा त्यांचा निरोप आला. तेव्हा आम्ही, मुलांची आई, दोन मुले आणि आमची सत्तरी ओलांडलेली आई असे पाचजण सिंहगड एक्सप्रेसने निघालो.

लोणावळ्यानंतर घाट लागला तशी धाकट्याने खिडकी सोडली नाही. एक बोगदा संपतो तोच दुसरा. १८६३ साली रेल्वे हा बोरघाट चढली, तेव्हापासून पुणे आणि मुंबई एकमेकांच्या हाताशी आले. तो कातळ फोडताना हजारो मजूर मेले; काही अपघाताने, पुष्कळसे पटकीने. त्यांच्या नावाचा दगड घाटात कुठे दिसत नाही. आईने एवढेच विचारले, ‘एवढं खणलं कुणी?’ आणि उत्तराची वाट न पाहता चिवड्याची पुडी सोडली.

कर्जत गेले, नेरळ गेले, मग शेलू आणि वांगणी ही दोन लहान स्टेशने मागे पडली. वाचकहो, ही नावे ध्यानात ठेवा. मुंबईतील गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि गिरणी कामगारांना घरे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांना या शेलू-वांगणीची वाट दाखविण्यात आली. आम्हाला घर मुंबईतच द्या, म्हणून २०२५ च्या जुलैत हे म्हातारे कामगार आणि त्यांची मुले आझाद मैदानावर जमली होती. ज्या माणसाने परळच्या भोंग्यावर आयुष्य काढले त्याला म्हातारपणी वांगणी दाखवायची, यातले गणित आम्हाला काही केल्या सुटले नाही. गाडी पुढे निघाली, कल्याण आले, आणि डब्यातली माणसे एकाएकी दुप्पट झाली.

या गर्दीबद्दल दोन चांगले शब्द लिहिले पाहिजेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून फोर्टातले काम आटोपल्यावर आम्ही लोकल धरली. बायकांच्या डब्यात आईला चढता येईना. एका अनोळखी बाईने तिचा दंड धरून तिला वर ओढले, दुसरीने ‘आजींना बसू द्या गं’ म्हणत बाक सरकवून घेतला, तिसरीने पाण्याची बाटली पुढे केली आणि आईने ती तोंड लावून प्यायली. आमचे मूळ गाव परांडा तालुक्यातले. ७२ च्या दुष्काळात आमची माणसे तिथून निघाली ती खडी फोडत फोडत पुण्याच्या बाजूला आली. त्या गावात आईच्या लहानपणी तिला वरून ओंजळीत पाणी ओतत असत. तिने लोकलमधला हा प्रसंग वरळीला पोहोचल्यावर दोनदा सांगितला. ‘कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही,’ हे तिचे पालुपद. मुंबईची थोरवी सांगणारे मोठमोठे लेख आम्ही वाचले आहेत. आईच्या त्या बाटलीएवढे आम्हाला त्यांतले काही पटले नाही.

फोर्टातले काम म्हणजे मुलीचे कॉलेज पाहणे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. गोदीत, पोस्टात, गिरणीत कामाला जाणारा तरुण आधी तास करून मग हजेरी लावायला धावत असे. कायद्याचे महाविद्यालय १९५६ सालचे. आनंद भवनाचा जिना चढताना मुलगी पुढे आणि आम्ही मागे, असे चाललो होतो. एरवी घरात मोठमोठ्याने बोलणारी ही मुलगी तिथे अगदी गप्प होती. नोटीस बोर्डावरच्या कागदांचे तिने फोटो काढून घेतले. तिथल्या शिपाईमामांनी कुठून आलात विचारले. दिघी सांगितल्यावर म्हणाले, ‘म्हणजे आळंदी रोड. माझी बहीण विश्रांतवाडीला दिलीय.’ मुंबईत कोणी ओळखीचे निघत नाही म्हणतात, ते तितकेसे खरे नाही.

आता वरळी. इथे जरा थांबतो, कारण हा सगळा प्रवास आमच्या मनात या एका घराभोवती फिरत राहिला.

बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० साली ते खाते निघाले आणि कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उठल्या. एकट्या वरळीत १२१ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला सामायिक. आमच्या साडूंच्या खोलीत एकेकाळी अकरा माणसे राहत. पुरुष गॅलरीत झोपत, पावसाळ्यात जिन्यात. मुले अभ्यासाला रस्त्याच्या दिव्याखाली नाहीतर मैदानात जात. या चाळींतून वकील निघाले, शाहीर निघाले, पुढारी निघाले, आणि झाडूवालेही निघाले. साडू स्वतः पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले आहेत.

या चाळींच्या जागी म्हाडाने चाळीस मजल्यांच्या इमारती बांधायला घेतल्या आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे, मालकीचे. साडूंचे घर तेविसाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. दार उघडले आणि समोर मोठी खिडकी. तिच्यातून खाली जुन्या चाळींची कौलासारखी दिसणारी काळपट छपरे, आणि दूरवर समुद्राची पट्टी. शंभर वर्षे हा समुद्र इथून अर्ध्या कोसावर होता, पण खोलीच्या खिडकीतून दिसत नव्हता.

घर सुंदर आहे यात शंका नाही. दोन खोल्या, वेगळे स्वयंपाकघर, घरात संडास आणि न्हाणीघर. मेहुणीने भिंतीवर बुद्धमूर्तीचे आणि बाबासाहेबांचे छायाचित्र लावून त्याखाली एक लहान दिवा बसविला आहे. आम्ही पाहुण्याच्या पद्धतीने म्हणालो, ‘घर छान, पण चाळीतला तो शेजार, ती गॅलरी, ती माणसे आता कुठे मिळायची?’

साडूंच्या मातोश्री खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. ऐंशीच्या पुढे वय. त्यांनी लसूण खाली ठेवला. ‘गॅलरी तुम्हाला आठवते, कारण तुम्ही दोन दिवस येत होता,’ त्या म्हणाल्या. ‘मी पंचावन्न वर्षे संडासाच्या रांगेत उभी राहिले. पोटुशी होते तेव्हा उभी राहिले, ताप असताना उभी राहिले. रात्री सुनेला घेऊन जायची, कारण एकटीला पाठवायची सोय नव्हती. गॅलरीचं कौतुक तुम्ही करा बापू, मला हे दार बंद करता येतं तेवढं पुरे आहे.’

आमच्या आईने मान हलविली. दोघी म्हाताऱ्यांचे तेव्हापासून जे जमले ते शेवटपर्यंत.

पण याच मातोश्री रात्री जेवताना वेगळे बोलल्या. लिफ्ट बंद पडली तर खाली उतरायचे कसे? महिन्याचा देखभालीचा खर्च पुढे किती होईल? शेजारच्या जागेवर विक्रीसाठी टॉवर उठतील, तिथे मोटारवाले राहायला येतील, मग आपल्या पोरांना आत-बाहेर करताना कोणी हटकणार नाही ना? एवढ्यातच कोणीतरी घर विकून विरारच्या पुढे जायची भाषा करू लागला आहे, असेही त्यांनी सांगितले. ‘घर मिळवायला शंभर वर्षं लागली. घालवायला एक सही पुरते,’ असे साडू म्हणाले आणि मातोश्रींनी त्यांना गप्प केले, की पाहुणे जेवताहेत, त्यांना जेवू दे.

मुलीने विचारले म्हणून त्यांनी ७४ सालची हकिकत सांगितली. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरची सभा झाली, तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला आणि पुढे कित्येक दिवस वरळीच्या चाळी धुमसत राहिल्या. १० जानेवारीला परळ भागात निघालेल्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. एकाच गिरणीत शेजारी उभे राहणारे कामगार संध्याकाळी समोरासमोरच्या चाळींतून एकमेकांवर दगड टाकीत होते. ‘आम्ही पोरांना खिडकीपाशी जाऊ देत नव्हतो,’ एवढेच मातोश्री बोलल्या. आता त्याच समोरच्या चाळीतले एक कुटुंब त्यांच्या मजल्यावर शेजारी आले आहे. सुनांचे जाणे-येणे आहे; संक्रांतीला तिळगूळ आला होता. त्या जुन्या गोष्टीचे नाव कोणी काढीत नाही.

दुसऱ्या दिवशी परळला गेलो. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधारणा ट्रस्ट नेमला गेला, त्याने बांधलेल्या त्या बी.आय.टी. चाळी. इथल्या एक नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या. १९१२ पासून १९३४ पर्यंत, परदेशातला काळ सोडला तर, बाबासाहेबांचे घर हेच. त्याआधी ते लोअर परळच्या डबक चाळीत वडिलांबरोबर एका खोलीत राहत. तिथे उशाशी जाते आणि पायाशी शेळी अशी अभ्यासाची जागा होती, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. त्या मानाने परळच्या दोन खोल्या म्हणजे ऐसपैसच म्हणायच्या.

आम्ही गॅलरीत उभे राहिलो. कुणाच्या दारात पाचजणांनी घोळक्याने उभे राहणे बरे दिसत नाही, म्हणून फार वेळ थांबलो नाही. पण मुलांच्या आईचा पाय निघेना. याच काळात माता रमाईंनी चार लेकरे गमावली. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब घरी होते, आधीच्यांच्या वेळी काय झाले असेल ते झाले असेल. गोवऱ्या थापायला रमाई अंधारात वरळीपर्यंत चालत जात, असे जुनी माणसे सांगतात. परळ ते वरळी आम्ही बसने आलो होतो, तेव्हा ते अंतर किती याचा अंदाज घरातल्या बायकांना आला होता. ‘डोक्यावर पाटी घेऊन?’ असे मुलांच्या आईने विचारले. आम्ही होय म्हणालो. त्यानंतर जिना उतरेपर्यंत कोणी बोलले नाही.

परळचा दामोदर हॉल याच भागातला. ९ मार्च १९२४ रोजी तिथे बैठक झाली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, तिची कचेरीही तिथेच होती. तिथले नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, त्यामुळे पाहण्यासारखे काही उरले नव्हते. पुढे सरकलो.

धाकट्याला मॉल पाहायचा होता. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर मोठा मॉल आहे, तिथे नेले. गिरणीची उंच चिमणी तेवढी शिल्लक ठेवली आहे, शोभेला. धाकट्याने विचारले, यातून धूर का निघत नाही? आता या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात कसे देणार? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, कामगार गावी परतला, भाजीची गाडी लावू लागला, वॉचमन झाला. आमचे एक चुलत आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात मजुरी अधिक, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण धोट्यात नवी कांडी भरली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. मशीन इंग्लंडचे, विटाळ इथला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. गिरणीवर प्रेम करणाऱ्या लेखकांनी भोंग्यावर आणि चिमणीवर पुष्कळ लिहिले. या धोट्यावर फार थोड्यांनी लिहिले.

मॉलमध्ये आम्ही काही घेतले नाही. थंडगार हवेत तासभर बसलो, सरकत्या जिन्यावरून आईला एकदा वर नेऊन खाली आणले, आणि चहाचा भाव पाहून बाहेरच्या टपरीवर आलो. तिथला चहा उत्तम होता. त्यानंतर राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. धाकट्याच्या मते मुंबईतले सर्वांत चांगले घर पेंग्विनचे आहे. आत गारवा, पाणी चोवीस तास, आणि भाडे नाही.

घरावरून आठवले. आमचा एक पुतण्या अंधेरीला नोकरी करतो. त्याला खोली शोधताना जे अनुभव आले ते त्याने वरळीला भेटायला आल्यावर सांगितले. फोनवर दलाल गोड बोलायचा. डिपॉझिट ठरायचे, भाडे ठरायचे. मग विचारायचा, ‘पूर्ण नाव काय?’ आडनाव ऐकले की, ‘मालकांशी बोलून सांगतो,’ आणि मग फोन नाही. एका सोसायटीत तर ‘खाण्यापिण्याचं कसं आहे?’ अशी चौकशी झाली. तो सुकट-बोंबील खाणारा माणूस, खोटे बोलणार नाही. शेवटी दोन मित्रांबरोबर नालासोपाऱ्याला राहतो आणि रोज चार तास लोकलमध्ये घालवितो. १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले होते. पुतण्याला कोणी लाठी दाखविली नाही, फक्त फोन उचलला नाही. लोकलच्या डब्यात आईला बाटली देणारी मुंबई आणि पुतण्याचा फोन न उचलणारी मुंबई, या दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत. यातली खरी कोणती असे मुलीने विचारले. आम्ही म्हणालो, तुला दोन्हींत राहावे लागेल.

२६ जानेवारीला सकाळी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह पाहिले. परळच्या दोन खोल्यांत ग्रंथ मावेनात म्हणून बाबासाहेबांनी हे घर मुख्यतः ग्रंथांसाठी बांधले. त्याच वेळी ‘चार मिनार’ नावाचे आणखी एक घर बांधले होते, ते १९४१ साली विकून टाकले, राजगृह ठेवले. माता रमाईंना या घरात फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या इथेच गेल्या. ७ जुलै २०२० रोजी कोणी माथेफिरूने याच घराच्या आवारात शिरून कुंड्या आणि काचा फोडल्या होत्या, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. तळमजल्यावरच्या वस्तू पाहताना धाकटा म्हणाला, ‘इथे खोल्या किती आहेत?’ तीन दिवस घरेच पाहत फिरल्यावर मूल दुसरे काय विचारणार!

तिथून चैत्यभूमी. प्रजासत्ताक दिन असल्यामुळे माणसे होती, पण रांग पंधरा मिनिटांची. वीस वर्षांत प्रथमच आम्हाला स्तूपाला सावकाश प्रदक्षिणा घालता आली. ७ डिसेंबर १९५६ ला याच वाळूवर बाबासाहेबांचे अंत्यसंस्कार झाले. त्या जागी उभ्या राहिलेल्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. मागे समुद्र आहे हे आम्हाला ठाऊक होते, परंतु सहा डिसेंबरला त्याचा आवाज कधी ऐकू आला नव्हता. आई पायरीवर बसून राहिली. पलीकडे इंदू मिलच्या जागेवर क्रेन उभे होते. ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते त्या बंद गिरणीत शिरले, २०१५ साली स्मारकाचे भूमिपूजन झाले, साडेतीनशे फुटांचा पुतळा व्हायचा आहे. आम्ही गेलो तेव्हा काम चालू होते. ‘एवढ्या उंचावर चेहरा दिसेल का?’ ही आईची शंका. आमच्या पिंपरीच्या चौकातला पुतळा तिला बसमधून दिसतो, तो तिला पुरतो.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. सहा डिसेंबरला दादरमध्ये ‘हे लोक येतात आणि घाण करून जातात’ असे बोलणारी माणसे असतात. आळंदीची पालखी दिघीवरून पुण्याला जाते त्या दिवशी आमच्या रस्त्यावरही लाखो माणसे असतात, आणि संध्याकाळी पत्रावळींचा ढीग पडतो. तो ढीग झाडणारे हात बहुतेक आपल्याच वस्तीतले असतात. त्याला कोणी नावे ठेवीत नाही, आणि ठेवूही नयेत. तोच न्याय दादरला लावावा एवढेच.

दुपारी वरळीला परत येऊन बोचकी बांधली. मातोश्रींनी आमच्या आईला एक जुने पातेले दिले, चाळीतल्या घरातले, जाड पितळेचे. नव्या घरात गॅसच्या शेगडीवर ते फार वेळ घेते म्हणून. मग सहज विचारावे तसे आम्हाला विचारले, ‘तुमचं दिघीतलं घर कागदावर आहे ना?’

याचे उत्तर आमच्या गल्लीतल्या कोणालाच सरळ देता येत नाही. दिघी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधीपासून आणि त्यानंतरही भोसरीच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्यांनी इथे अर्धा गुंठा, एक गुंठा अशा जागा घेतल्या, त्या स्टॅम्पपेपरवर आणि विश्वासावर. दिघीच्या लष्करी दारूगोळा कोठारापासून ११४५ मीटरपर्यंत संरक्षण खात्याचे प्रतिबंधित क्षेत्र आहे, त्यालाच सगळे रेड झोन म्हणतात. त्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. तरी घरे झाली, कारण माणसांना राहायचे होते आणि परवानगीच्या जागेचा भाव कामगाराच्या पगारात बसत नव्हता. वीज आहे, नळ आहे, मालमत्ता कराची पावती आमच्या नावाने येते. पण कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. कंपनी चाकणला गेली तर माणूस बस धरून चाकणला जातो. घर काही मागे जात नाही.

हे सगळे आम्ही मातोश्रींना सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाल्या, ‘आम्हीसुद्धा भाडेकरूच होतो की. पण प्रत्येक पावती ठेवली. सासऱ्याच्या नावाची पहिली पावती मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली होती, तीच शेवटी कामाला आली. पोरगी वकिली शिकणार आहे ना? तिच्या हातात पहिली तुमची फाईल द्या.’ मुलगी हसली, पण गाडीत बसल्यावर तिने विचारले, की आपली फाईल कुठे असते. आम्ही सांगितले, पत्र्याच्या पेटीत, आजीच्या लुगड्यांखाली.

तिच्या राहण्याचा हिशेब गाडीतच मांडला. ज्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईत शिकणाऱ्याला तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. म्हणजे महिना पाच हजार. तेवढ्यात मुंबईत जेवण होईल, खोली होणार नाही. मेहुणीने खिडकीखालची जागा मुलीसाठी ठेवायची तयारी दाखविली आहे, पण नात्यावर तीन वर्षे भार टाकावा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. मुलीने प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केली आहे. मुलांची आई उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा गोळा करीत आहे, आणि रहिवासाच्या पुराव्यापाशी पुन्हा ती पत्र्याची पेटी उघडावी लागली आहे.